हनुमंताची स्वभावोक्ती

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत लग्न ठरलं की माणसं आधी हनुमंताची तारीख विचारतात आणि मग गुरुजींना पंचांग उघडायला सांगतात. मी अतिशयोक्ती करत नाही. अतिशयोक्ती करणं हा हनुमंताचा धंदा आहे, माझा नाही. मी फक्त ती त्याला शिकवली.

आमच्याकडच्या लग्नांची रीत ज्यांना ठाऊक नाही, त्यांना हे पटायचं नाही. इथं नवरा-नवरी ताटकळत असतात आणि मांडवातली निम्मी माणसं कान टवकारून माईककडे बघत असतात, आपलं नाव कधी पुकारतात म्हणून. आजी सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, नवरदेवाच्या चुलत्याचे व्याही, या सगळ्यांचं 'सहर्ष स्वागत' झाल्याशिवाय मंगलाष्टकं सुरू होत नाहीत. मुहूर्त टळला तर चालतो, नाव टळलेलं चालत नाही. एक नाव राहिलं म्हणून भरल्या ताटावरून उठून गेलेली भावकी मी या डोळ्यांनी पाहिली आहे. अशा मांडवात माईक धरून उभं राहायचं म्हणजे जोखमीचं काम, आणि ते काम आमचा हनुमंत वर्षानुवर्षं हसत हसत करतो आहे.

दिसायला म्हणाल तर काही नाही. बुटका, गोल, कपाळावर कायम घाम, खिशाला दोन पेनं आणि त्यातलं एकही न चालणारं. घरी भाजी आणायला सांगितली तर पिशवी विसरून येईल. पण माईक हातात आला की टाचा वर होतात, मान ताठ होते आणि एरवी 'न्हाई', 'व्हय' करणारा हा माणूस एकदम छापील मराठी बोलायला लागतो. ते ऐकताना माझं अंग अजून शहारतं. रागानं की कौतुकानं, ते मात्र मला ठरवता येत नाही.

तो मूळचा पानशेतच्या वरच्या अंगाचा, डोंगरातल्या एका वाडीचा. वाडीत शाळा चौथीपर्यंत, म्हणून उत्रोलीला आत्याकडे राहिला आणि भोरच्या आमच्या शाळेत आला. मी मराठी शिकवत असे. नववीत अलंकार काढले की वर्गाला जांभया सुटत. व्याख्या पाठ, उदाहरण पाठ, मार्क घ्या आणि विसरा, असा सगळा मामला. हनुमंतानं मात्र उपमेची व्याख्या ऐकली आणि तो बाकावरून उडालाच.

"बाई, म्हंजे आमची आई रोज बोलती त्ये समदं अलंकारातच म्हनायचं की! दादाला म्हनती, भोपळ्यावानी डोकं हाय तुजं. ही उपमा. आन् चिडली की म्हनती, भोपळाच हायेस तू. ह्ये रूपक!"

शिकवण्याच्या उभ्या आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला असेल. त्या दिवसापासून पोरगं झपाटलं. शाळेच्या वाटेवर, पाणवठ्यावर, एसटीत, जिथं कुणी तोंड उघडेल तिथं हा अलंकार ओळखायचा आणि मोठ्यानं नाव सांगायचा. कंडक्टरनं दोनदा खाली उतरवलं त्याला. परीक्षेत मी अतिशयोक्तीचं स्वतःचं उदाहरण मागितलं, तर पठ्ठ्यानं लिहिलं, 'मुख्याध्यापक सर शिंकले आणि रायरेश्वराच्या पठारावर चरणारी गुरं घाबरून घरी परतली.' मी पूर्ण मार्क दिले आणि मधल्या सुट्टीत बोलावून कानही पिळला.

एका अलंकाराशी मात्र त्याचं कधी जमलं नाही, आणि तो म्हणजे स्वभावोक्ती. वस्तू, माणूस किंवा जनावर जसं आहे तसं, हुबेहूब सांगायचं. चढवायचं नाही की उतरवायचं नाही. मी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हटलं, "ती गाय बांधली आहे ना, तिच्याबद्दल लिही. जेवढं दिसतं तेवढंच." यानं तिची कामधेनू करून टाकली. शेपटी म्हणजे चवरी, डोळे म्हणजे डोह. मी काट मारली.

"बाई," तो अगदी कळवळून म्हणाला, "नुस्तं दिसतंय तेवढंच लिवलं तर त्यात माजं काय राह्यलं?"

याचं उत्तर वर्गात देता येत नसतं. मी नुसतं "बस खाली" म्हटलं.

पुढं बारावी झाली, मग पप्पू नावाच्या स्पीकरवाल्याबरोबर हा मांडवांतून हिंडू लागला. पप्पूचे भोंगे आणि याचा आवाज. लवकरच लोकांना कळलं की हा नुसती नावं वाचत नाही, नाव घेतलेल्या माणसाला चार बोटं उंच करून सोडतो. त्याची पद्धत त्यानं मला एकदा चहा पिता पिता सांगितली, आणि हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, मानूस बघून अलंकार काढायचा. नवा सरपंच आसल तर अतिशयोक्ती, त्याला अजून पचती. उशिरा आलेल्याला चेतनगुणोक्ती. म्हनायचं, ह्यांच्या वाटंकडं डोळं लावून हा मांडवसुदिक ताटकळला व्हता. लेट आलाय ह्येबी कळतंय आन् मानबी राहतो. पर व्यतिरेकाच्या वाटंला जायाचं न्हाई. एकदा एका फुडाऱ्याला सह्याद्रीहून उंच म्हनलो, तर शेजारचा उठला. म्हनला, मंग मी काय टेकाड हाय का?"

"मग आता काय करतोस?"

"अनन्वय! ह्यांच्यासारखे हेच! कुनाशी बरोबरीच न्हाई, मंग कुनाला राग यील?"

संस्कृतातल्या मोठमोठ्या पंडितांनी अनन्वयावर पानंच्या पानं लिहिली, पण त्याचा हा उपयोग त्यांच्या डोक्यात आला नसावा.

माझ्या निवृत्तीनंतर तर याचे फोन वाढले. ऐन लग्नसराईत, मागं सनई वाजत असताना फोन. "बाई, रूपकं संपत आली. न्हवरदेवाच्या बापाला वटवृक्ष, कल्पवृक्ष, दीपस्तंभ समदं म्हनून झालंया." मी चिडून म्हणायची, "मग विजेचा खांब म्हण!" आणि हा खरंच म्हणायचा. त्या माणसानं नंतर त्याला घरी जेवायला बोलावलं, कारण त्याला खांब फार आवडला होता. तो वीज मंडळात नोकरीला होता.

आता खरी गोष्ट सांगते. हनुमंताला एक थोरला भाऊ आहे, रखमाजी. वाडीवर राहतो, भातशेती करतो, पानशेतच्या बाजूला दुधाचा टेम्पो चालवतो. बोलणं मोजून मापून. दोघांच्या मधली बहीण नूतन. तिच्या सासरच्या गावात शाळेची सोय नव्हती, म्हणून तिची मुलगी शुभ्रा दहावीपर्यंत या रखमाजीकडेच वाढली. टेम्पोत दुधाच्या कॅनना पाठ टेकून ती शाळेला जायची.

रखमाजीनं वाडीवर नवं घर बांधलं आणि वास्तुशांत घातली. भर उन्हाळा. माईकवर अर्थातच धाकटा भाऊ. जेवणाच्या पंगती बसल्या होत्या आणि रखमाजी स्वतः हंडा घेऊन पंगतीतून फिरत होता. प्रत्येकापाशी थांबून 'पाणी देऊ का?' विचारत होता. ते बघून हनुमंताच्या जिभेला खाज सुटली. त्याच्या छापील आवाजात तो माईकवरून म्हणाला, "आमच्या बंधुराजांच्या दातृत्वाचं काय वर्णन करावं! प्रत्येक पाहुण्याला स्वतः पाणी विचारतात, आणि पाहुणा 'नको' म्हणेपर्यंत हंड्यावरचं झाकण काही काढत नाहीत!"

मांडव हसून हसून लोटपोट झाला. संध्याकाळी मला फोन. "बाई, व्याजस्तुती लागू पडली! स्तुतीच्या आडून चिमटा. लई हासली मानसं!"

"कुणावर केलीस?"

"दादावर."

"त्याच्याच घरात? त्याच्याच वास्तुशांतीला?"

"व्हय."

"हनुमंता, अलंकार म्हणजे दागिना. तो अंगावर घालायचा असतो, फेकून मारायचा नसतो. तू गाढव आहेस."

त्याला वाटलं, बाई गंमत करतात. मी गंमत करत नव्हते, माझा संताप झाला होता. आणि झालंही तसंच. वाडीवर रखमाजीचं नाव 'दानशूर' पडलं. दूध घालायला गेला की, "काय दानशूर, पानी इचारा की!" लग्नाकार्यात पंगतीत बसला की शेजारचा भांडं पुढं करून, "नको बरं का, दानशूर!" सगळे खो खो. रखमाजीनं कुणाला उलट शब्द केला नाही. फक्त धाकट्या भावाशी बोलणं टाकलं, आणि आईसमोर सांगून टाकलं, "ज्या मांडवात ह्याचा माईक, त्या मांडवात माजा पाय न्हाई."

हनुमंतानं समजूत घालायला जंग जंग पछाडलं. माणसं पाठवली, स्वतः जाऊन दारात उभा राहिला. पण तिथंही तोंड उघडलं की याचं आपलं सुरू, "दादा, तुम्ही सागर, मी ओहोळ." रखमाजी दार लावून घ्यायचा. अख्ख्या मुलखाचे रुसवे काढणारा हा माणूस सख्ख्या भावाचा रुसवा काढू शकत नव्हता. भोरच्या बाजारात भेटला की तोंड उतरलेलं असायचं. मला त्याची दया यायची आणि त्याला एक थोबाडीत द्यावीशीही वाटायची.

अशातच शुभ्राचं लग्न ठरलं. मुलगा उत्रोलीचा सुयश, तोही माझाच विद्यार्थी. त्यामुळे मला दोन्हीकडून आमंत्रण. आंबवड्याच्या अलीकडे रस्त्याला लागून मोकळ्या शेतात मांडव घातला होता. नूतननं धाकट्या भावाला आधीच विनवलं होतं, या लग्नात दुसरा कुणी बोलू दे म्हणून. पण हा हटून बसला. "माज्या भाचीच्या लग्नात दुसरा बोलनार? मंग माजं त्वांड काय कामाचं?" पत्रिकेत छापूनही टाकलं, सूत्रसंचालक: वधूचे मामा.

मी रिक्षातून उतरले तर काय धमाल! ताशा कडकडतोय, पोरी पैठण्या सावरत धावतायत, नवरदेवाची वरात मांडवाच्या तोंडाशी येऊन नाचतेय आणि प्रत्येक भोंग्यातून हनुमंत. "उत्रोली गावचे भूषण! ज्यांच्यासारखे केवळ तेच!" या वयातही माझे पाय ताशावर थिरकायला लागले, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात नूतननं माझा दंड धरला. डोळे भरलेले.

"बाई, दादा आलाय."

"मग रडतेस काय? चांगलं झालं की!"

"आलाय, पर भायेर टेम्पोत बसलाय. आत येत न्हाई. आन् शुभ्रा म्हनती, थोरला मामा हात धरल तवाच मी उठीन. न्हाईतर अंतरपाट गुंडाळून ठिवा."

वधूला तिचा मामा बोहल्यावर घेऊन येतो, ही आमच्याकडची रीत. धाकटा मामा होता की, पण शुभ्राला वाढवलं थोरल्यानं. मी मांडवामागच्या शेतघराच्या खोलीत डोकावले. शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली ती पोर हाताची घडी घालून भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा बघूनच मला कळलं, ही काही ऐकायची नाही. मुलाकडची माणसं घड्याळाकडे आणि एकमेकांकडे बघायला लागली होती. सुयशच्या आत्यानं तर मोठ्यानं विचारलंच, "नवरीच्या मनात हाय ना लगीन?"

"बाई, तुमचं ऐकंल त्यो," नूतन म्हणाली.

मी पदर खोचला आणि निघाले. टेम्पो जांभळाखाली उभा होता. रखमाजी आत बसला होता, अंगात कोरा पांढरा सदरा, परीटघडीचं धोतर. मानाचा फेटा कुणीतरी आणून दिला होता, तो पुढं काचेपाशी तसाच पडला होता. म्हणजे यायचं तर याला होतं. मी शेजारच्या सीटवर चढून बसले आणि सरळ सुरुवात केली.

"रखमाजी, पोरगी बसून राहिली आहे आत."

"ठाव हाय."

"मग उठा."

"माईक चालू हाय बाई."

डोक्यावरच, जांभळाच्या फांदीला पप्पूनं एक भोंगा बांधला होता, गाड्यांपाशी थांबलेल्या पाहुण्यांसाठी. मी दाखले दिले, रामलक्ष्मण काढले, मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे म्हणाले. रखमाजी समोर बघत ऐकत राहिला आणि शेवटी शांतपणे म्हणाला, "बाई, त्याला ह्ये बोलायला शिकीवलं कुनी? तुमीच ना?"

माझ्या नाकाला मिरची झोंबली. "मी अलंकार शिकवले. आगाऊपणा त्यानं घरून आणला होता."

रखमाजीच्या मिशीचं टोक जरासं हललं. मला आशा वाटली. आणि नेमका त्याच क्षणी डोक्यावरचा भोंगा कडाडला. नूतननं आत त्या शहाण्याला दादा आल्याचं सांगितलेलं दिसत होतं.

"मंडळी! आमच्या कुटुंबाचा वटवृक्ष, आमचे थोरले बंधू बाहेर उभे आहेत! त्यांच्या सावलीत आम्ही वाढलो!"

"वड," रखमाजी म्हणाला. "आता मला पारंब्या बी फुटतील."

"ज्यांचा शब्द म्हणजे शब्द! ज्यांच्या एका हाकेवर पानशेतच्या धरणाचं पाणी जागच्या जागी थांबतं!"

पाणी हा शब्द ऐकला आणि रखमाजीचा हात किल्लीवर गेला. त्या मूर्खाला अख्ख्या मराठी भाषेत दुसरा शब्द सापडला नाही!

"दादांसारखे केवळ दादाच!" भोंगा ओरडला.

"ह्येच मगाशी त्या फुडाऱ्याला म्हनला," रखमाजी म्हणाला आणि त्यानं टेम्पो सुरू केला.

मी त्याच्या हातावर हात ठेवला. "एक मिनिट. माझ्यासाठी." दुसऱ्या हातानं मोबाईल काढला आणि हनुमंताला लावला. त्यानं माईक बाजूला धरून फोन उचलला, तर मी त्याला बोलूच दिलं नाही.

"हनुमंता, सगळे दागिने उतरव. आत्ताच्या आत्ता."

"मंग काय बोलू बाई? आजून उत्प्रेक्षा राह्यलीय, अपन्हुती राह्यली..."

"काही राहिलेलं नाही! तो टेम्पो सुरू करून बसलाय. नववीत तुझी गाय चुकली होती ना? ती आज लिही. त्या दिवशी वास्तुशांतीला तुला जे दिसलं तेवढं सांग. जसं दिसलं तसं."

फोन बंद झाला. डोक्यावरचा भोंगाही गप्प. ताशा थांबला होता. टेम्पोचं इंजिन तेवढं घरघरत होतं. मग भोंग्यात कुणीतरी श्वास घेतला. आणि आवाज आला, पण मी तो ओळखलाच नाही. माईकवर हनुमंताचा तो आवाज त्या दिवसापर्यंत कुणी ऐकला नव्हता. वाडीवरचा, घरचा आवाज.

"पावनं, म्या हनुमंता. दादाच्या वास्तुशांतीला तुमी समदे हुता. त्या दिशी टँकर आला न्हाई. खाली धरान भरल्यालं आन् वर वाडीत थेंब न्हाई. पंगत तर बसल्याली. दादा फाटंपासनं झऱ्यावरनं पानी आनीत व्हता. हंडा खांद्यावर. येताना खडकावर पाय घसरला, गुडगा फुटला व्हता त्याचा. धोतरावर रगात व्हतं. म्या बघितलं."

रखमाजीनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"हंड्यात तळाला तांब्याभर पानी राह्यलं व्हतं. त्येवढंच घिऊन त्यो पंगतीत फिरत व्हता. पानी दिऊ का इचारायचा. कोन नको म्हनलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा. कोन दे म्हनलं की अर्धं भांडं द्यायचा. झाकान लावायचा ते हंड्याचा तळ कुनाला दिसू नये म्हनून. सोता दिसभर प्याला न्हाई. ह्येबी म्या बघितलं. मला समदं दिसत व्हतं. तरी म्या माईकवर त्ये बोललो, तुमी हासावं म्हनून. तुमी हासला. तुमची चूक न्हाई, तुमाला ठाव नव्हतं. मला ठाव व्हतं."

भोंग्यात नाक ओढल्याचा आवाज आला.

"येवढंच झालं व्हतं. आता म्या माईक खाली ठिवतो."

खट्ट असा आवाज आला आणि भोंगा बंद पडला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं. लिहिली! गाय लिहिली पठ्ठ्यानं!

रखमाजीचा हात धोतरावरून गुडघ्याकडे गेला. "गुडगा बघितला व्हता त्यानं," तो म्हणाला. "मला वाटलं व्हतं, कुनालाच दिसला न्हाई."

त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. काचेपाशी पडलेला फेटा उचलला आणि डोक्यावर ठेवला, जरा तिरकाच बसला. मी म्हटलं, "सरळ करू का?" तर म्हणाला, "आसू द्या, चला." आणि तरातरा चालायला लागला. मागं पळता पळता माझी चप्पल तुटली. मी ती तिथंच टाकली.

मांडवात पाऊल टाकताना रखमाजी थबकला. माणसं आपोआप बाजूला झाली. वाडीवरचा चिमाजी, ज्यानं 'दानशूर' म्हणण्यात सगळ्यांत पुढाकार घेतला होता, तो खाली मान घालून उभा होता. हनुमंत कोपऱ्यात, हात जोडून. रखमाजीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो थेट पप्पूपाशी गेला.

"माईक कुटं हाय?"

"बंद केलाय, दादा."

"चालू कर. हिकडं आन."

रखमाजीनं जन्मात माईक धरला नव्हता. त्यानं तो मक्याच्या कणसासारखा दोन्ही हातांनी धरला, तोंडाच्या अगदी जवळ. भोंगे किंचाळले. आता हा काय बोलतो? जुना हिशेब चुकता करतो की काय?

"रामराम पावनं," तो म्हणाला. "उन्हाचं दिस हायती. आज टँकर आलाय. समद्यांनी पानी पिऊन घ्या. कोनी नको म्हनलं तरी म्या झाकान काढनार हाय."

हशा असा उसळला की मांडवाचं कापड हललं असेल. (ही अतिशयोक्ती माझी. एवढी चालवून घ्या.) चिमाजी हसत होता आणि डोळे पुसत होता. ताशेवाल्यानं न सांगता काठी घातली. रखमाजी माईक पप्पूच्या हातात देऊन खोलीकडे गेला आणि परत आला तो शुभ्राचा हात धरून. पोरीच्या मुंडावळ्या एका बाजूला सरकल्या होत्या आणि ती तोंडभर हसत होती. सुयशच्या आत्याला कुठं बघावं कळेना.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. भाचीच्या मागं दोन्ही मामा उभे होते, मध्ये हातभर अंतर. माईकवर नावं पुकारायला कुणीच नव्हतं. आजी, माजी, होऊ घातलेले, सगळे बिननावाचे उभे राहिले, आणि कुणी ताटावरून उठून गेलं नाही.

अक्षता टाकून झाल्यावर हनुमंत माझ्यापाशी आला. डोळे लाल. "बाई, दादा बोलला त्यो कंचा अलंकार?"

मला सांगता आला नाही. खरं म्हणजे मी विचारच केला नव्हता. "तुला काय करायचंय?" मी खेकसले. "जा, पंगतीचं बघ."

तो गेला. त्यानं माईककडे ढुंकून पाहिलं नाही. पाण्याचा मोठा जग उचलला आणि पहिल्या पंगतीच्या टोकापासून सुरुवात केली. बुटका, घामाघूम माणूस, एकेका पानापाशी वाकत होता. "पानी वाढू?" एवढंच. पुढच्या पानापाशी, "पानी वाढू?" दुसरा शब्द नाही. माणसं एकमेकांना कोपरानं खुणावत होती, पण त्याचं लक्ष नव्हतं. जग रिकामा झाला की भरून आणायचा आणि जिथं थांबला होता तिथून पुढं.

रखमाजी माझ्या शेजारच्या पानावर बसला होता. हनुमंत जवळ येऊ लागला तशी मी हातातला घास पानात ठेवला. मुलखाचा माईक गाजवणारा माणूस भावाच्या पानापाशी येऊन उभा राहिला आणि त्याला शब्द फुटेना. शेवटी म्हणाला, "दादा, पानी वाढू?"

रखमाजीनं वर पाहिलं. पंगतीतले सगळे जेवायचे थांबले होते.

"वाढ," तो म्हणाला आणि भांडं पुढं केलं. "काठोकाठ वाढ."